वरचा कप्पा

फ्रिजमध्ये त्या संध्याकाळी एकोणीस वस्तू होत्या. बर्फाच्या कप्प्यात दोन ट्रे. वरच्या जाळीवर लोणच्याची बरणी आणि चिकनची पिशवी. मधल्या जाळीवर दुधाचं पातेलं, दह्याचं भांडं, लोण्याचा डबा. त्याखाली भिजवलेले वाल, खवलेलं खोबरं, कोथिंबिरीची जुडी. तळाच्या खणात दुर्वा, जास्वंदीच्या कळ्या, केवडा, पत्री. दारात पाण्याच्या चार बाटल्या आणि शकूआत्याच्या इन्सुलिनची एक. वरच्या जाळीवर तापमान अकरा अंश.

हे सगळं मी तेव्हाच वहीत लिहिलं होतं, म्हणून आज एवढं नेमकं सांगता येतं. मी बावीस वर्षांची होते. मे महिन्यात सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली होती, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला काचेचा थर्मामीटर घेऊन घरभर फिरत होते. आंघोळीचं पाणी, आईचा चहा, मांजराच्या पाठीखालची फरशी, सगळं मोजून झालं होतं.

"दार लाव आधी," आई म्हणाली. "सकाळपासून शंभरदा उघडलंय. आत गारवा राहील तरी का?"

"तेच मोजतेय. अकरा आहे. चार पाहिजे."

"मग त्या फ्रिजला सांग. तो काय माझं ऐकतोय?"

गौरी आल्या होत्या त्या दिवशी. आमच्या रोह्याच्या घरात गणपतीच्या शेजारी गौर बसते, आणि दुसऱ्या दिवशी, पूजनाला, तिला तिखटाचा नैवेद्य असतो. भाकरी, वडे आणि कोंबडीचं सांबारं. गणपतीला मात्र त्यातलं काही चालत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये पडदा लावतात. पडदा लागेपर्यंत तिखटाची भांडी माळ्यावरून खाली काढायची नाहीत, आणि देवाच्या स्वयंपाकाची भांडी चिकनला लावायची नाहीत. हे दोन्ही नियम शकूआत्या सांभाळायची. शकूआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचे यजमान, आमचे काका, गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. तेव्हापासून अकरा वर्षं तिनं मासमच्छी सोडली होती. पण गौरीच्या नैवेद्यात मीठ किती हवं हे ती नुसत्या वासावरून सांगायची.

त्या वर्षी नैवेद्य पद्मावहिनी करणार होती. ती सांगलीकडची, जैन घरातली. लग्नाआधी तिनं अंडंसुद्धा जवळून बघितलं नव्हतं. "आमच्याकडं बटाटासुद्धा चौकशी करून खातात," असं ती स्वतःच सांगून हसायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत ती मासे साफ करायला शिकली होती, डोळे अर्धे मिटून. आईनं तिला गौरीचा नैवेद्य कर म्हणून सांगितलं, त्या दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून म्हणाली, "वन्सं, हे नीट झालं की मी या घरातली. नाही तर जन्मभर सांगलीची."

"असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही म्हणालं. म्हणून तर कळतं."

पूजनाच्या सकाळी दुकानात रांग लागते, म्हणून हेमंतदादा आदल्या संध्याकाळीच चिकन घेऊन आला. दोन किलो तीनशे ग्रॅम, तुकडे केलेलं, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. बर्फाच्या कप्प्याचं दार दोन वर्षांपासून लागत नव्हतं आणि आत बर्फाचा डोंगर झाला होता, तिथं पिशवी मावेना. वहिनीनं ती दोन बोटांनी धरली होती. बाहेरच्या खोलीतून आत्या ओरडली, "तळाच्या खणाला शिवू नका गं, देवाचं आहे!" थोडी बोलाचाली झाली, आणि शेवटी पिशवी वरच्या जाळीवर गेली. मग मी एकोणीस वस्तू मोजल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आत्यानं आंघोळ करून पंचामृत केलं. तिचं पंचामृत आम्हा मुलांना फार आवडायचं, कारण त्यात दही नावाला आणि दूध जास्त असायचं. चांदीच्या मोठ्या वाटीला झाकण नव्हतं. तिनं वर तुळशीचं एक पान ठेवलं आणि पूजेची वेळ होईपर्यंत वाटी मधल्या जाळीवर सरकवली. आठला ती काढली, पूजा झाली, आणि मग वाटी देवापुढेच राहिली. माणसांची ये-जा, समया, उदबत्त्या. त्या खोलीचं तापमानही मी घेतलं होतं. एकतीस अंश.

अकरा वाजता पडदा लागला. जुन्या जरीच्या शालूचा पडदा, दोन खिळ्यांना बांधलेला. आत्या स्टुलावर चढली आणि मी स्टूल धरलं.

"आत्या, एवढी मोठी सोंड त्याची. पडद्यातून वास येत नसेल?"

"येतो की."

"मग?"

"आईच्या ताटात काय आहे ते मुलानं विचारू नये," आत्या म्हणाली आणि सावकाश खाली उतरली.

माळ्यावरून भांडी आली. वहिनीनं पदर खोचला. आई मुद्दाम बाहेर जाऊन बसली, पण कान आतच होते. वहिनीनं चिकन धुतलं, हात धुतले, वाटण घातलं, हात धुतले. पातेल्याला उकळी आली तशी मी थर्मामीटर घेऊन उभी राहिले.

"आलं शास्त्र," वहिनी म्हणाली.

"सगळ्यात मोठा तुकडा दाखव. आतलं तापमान पंच्याहत्तरच्या वर गेलं पाहिजे. मग काही जगत नाही."

"काही म्हणजे?"

"जिवाणू."

"बघा बाई. आमच्या घरी हे ऐकलं असतं तर जिवाणूंसाठीसुद्धा रडले असते."

मी मांडीच्या तुकड्यात, हाडाला न लागेल असा, थर्मामीटर खुपसला. आई दारात आली आणि म्हणाली, "ताप आलाय का कोंबडीला? औषध आणू?" आम्ही तिघी हसलो. बाहेरून आत्यानं विचारलं काय झालं, आणि आईनं सांगितल्यावर तीही हसली. ते हसू मला अजून ऐकू येतं, पडद्याच्या पलीकडून आल्यासारखं.

ब्याण्णव अंश. मी वहीत लिहिलं.

सांबारं उत्तम झालं होतं. आईनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पद्मजा, मसाल्याचा डबा आता तुझ्याकडेच असू दे." वहिनीनं मान खाली घातली आणि ताट पुसून पुसून खाल्लं. जेवणाआधी नऊ जणांनी हातावर एकेक चमचा पंचामृत घेतलं होतं. वाटीत बरंच उरलं होतं. देवाचं टाकायचं नाही, म्हणून संध्याकाळी पाचला उरलेलं सगळं आत्या प्यायली. दर वर्षी तीच प्यायची.

पहाटे चारला तिला पहिली उलटी झाली.

सकाळपर्यंत ताप एकशे तीन. गौरीचं विसर्जन कसंबसं उरकलं. दुपारी दादानं रिक्षा बोलावली. आत्याला उभं राहता येत नव्हतं, तरी दारातून वळून तिनं विचारलं, "पडदा सोडला का रे कोणी?"

अलिबागच्या एका दवाखान्यात तिला ठेवलं. डॉक्टर तरुण होते, भराभर बोलणारे. "खाण्यातून संसर्ग गेलाय. घरात कच्चं चिकन आलं होतं?"

"आलं होतं," बाबा म्हणाले. "पण ही खात नाही. अकरा वर्षांत शिवली नाही."

"खायलाच हवं असं नाही. हाताळलं कोणी?"

आईनं वहिनीकडे बघितलं. मग बाबांनी बघितलं. दादा आपल्या चपलेकडे बघत राहिला.

घरी आल्यावर आईनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "पद्मजा, ताईंचं ताट तू वाढलंस ना?"

"हो."

"त्याआधी हात?"

"धुतले होते, आई. साबणानं. दोनदा."

"धुतले असशील गं. पण सवय लागते. आमच्या हाताला लहानपणापासून कळतं, कशाला लावलाय आणि कशाला नाही."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. "वन्सं, तुम्ही होतात. मी धुतले होते ना?"

"धुतले होते," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. आईनं मसाल्याचा डबा उचलला आणि पूर्वीच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी पाच जागांवरून नमुने घेतले. निर्जंतुक कापसाच्या काड्या माझ्याकडे होत्या. विळीचं पातं, वहिनीचं हात पुसायचं फडकं, मोरी, वाढायचा डाव आणि फ्रिजची वरची जाळी, खालच्या बाजूनं. जाळीच्या दोन तारांना गुलाबी, वाळलेला ओघळ होता. पिशवी मला कचऱ्याच्या टोपलीत सापडली; तिला हाडाच्या टोकानं भोक पडलं होतं. त्याचीही लांबी मी घेतली. चार मिलीमीटर. ओघळाच्या खाली, सरळ रेषेत, मधल्या जाळीवर एक गोल डाग होता. चांदीची वाटी मी त्यावर ठेवून बघितली. बरोबर बसली.

मग वाटीत पाणी भरून मोजलं. दोनशे दहा मिलीलीटर. पूजेत गेलेलं आणि नऊ जणांचे नऊ चमचे वजा केले तर आत्याच्या वाट्याला सव्वाशे तरी आलं असणार. आम्हा बाकीच्यांना प्रत्येकी पाच. माझं पोट एक दिवस दुखलं होतं. दादालाही मळमळलं होतं. त्यानं ते सांबाऱ्यावर ढकललं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी काही विचारलं नाही. घरचा अभ्यास म्हणून मी सांगितलं होतं. नमुन्यांतले जिवाणू वाढवायला ठेवलेल्या पाच बशा दोन दिवसांनी उघडल्या. विळी, काही नाही. डाव, काही नाही. फडकं, काही नाही. मोरीवर चार ठिपके. जाळीच्या बशीत तांबड्या जेलीवर काळ्या मध्याचे ठिपके एकमेकांत मिसळून गेले होते, वेगळे मोजता येत नव्हते. त्याच्या पुढच्या चाचण्याही मी केल्या आणि निकाल वहीत लिहिला. दवाखान्यातल्या तपासणीतही त्याच जिवाणूचं नाव आलं होतं.

ती वही पिशवीत घेऊन मी आत्याला भेटायला गेले. आठवा दिवस होता. तिच्या मूत्रपिंडांनी काम कमी केलं होतं आणि चेहरा सुजला होता. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"पद्मा येत नाही ती?" तिनं विचारलं.

"येते म्हणते. आई नको म्हणते."

"तुझ्या आईला सांग, पोरीचा काही दोष नाही. तिनं काही केलेलं नाही."

माझा हात पिशवीवर होता. "आत्या..."

"मी केलंय." तिनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "पडद्याच्या त्या बाजूला होते ना मी. पातेलं उघडलं, आणि वास आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंडाला पाणी सुटलं गं. सुटलं ते सुटलं, मी गिळलंही. आणि वर म्हटलं, काय मस्त वास आलाय. तुझे काका गेले तेव्हा मासमच्छी सोडताना त्यांना शब्द दिला होता मी. गौरीनं बघितलं."

"आत्या, तसं काही नसतं. हे जिवाणूनं होतं."

"असेल. पण तो माझ्याच पोटात का आला? बाकीचे सगळे ताटभर जेवले, त्यांना काही नाही. मी तुकडा खाल्ला नाही आणि मलाच. सांग, तू शिकलेली आहेस. का?"

मला उत्तर पाठ होतं. वाटीत किती, चमच्यात किती, एकतीस अंशाला नऊ तास. सगळं वहीत होतं, आकृतीसकट. मी तिच्या पायांवरची चादर नीट केली.

"विश्रांती घे," मी म्हणाले.

दहाव्या दिवशी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी ती गेली.

आता जे आधी गाळलं ते सांगते. ती पिशवी आपल्या पायांनी वरच्या जाळीवर गेली नव्हती. बोलाचाली झाली ती अशी.

वहिनी पिशवी धरून उभी होती. पिशवीच्या कोपऱ्यातून एक थेंब फरशीवर पडला. ती म्हणाली, "वन्सं, हे गळतंय. तळाला ठेवू या का? दुर्वा बाहेर काढू, मी आत्यांना विचारते. नाही तर एखाद्या पातेल्यात तरी."

मी म्हणाले, "पातेली देवाची आहेत. तिखटाची उद्याशिवाय निघत नाहीत. आणि दुर्वांना हात लावलास तर आत्या रात्रभर बोलेल."

"पण गळतंय."

"वरच ठेव. एका रात्रीनं काही होत नाही."

ती तशीच उभी राहिली, म्हणून मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि जाळीवर ठेवली. कच्चं मांस नेहमी सगळ्यात खाली, झाकलेल्या भांड्यात ठेवायचं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्या उत्तराला पाचपैकी पाच गुण होते. पण मला घाई होती. मला थर्मामीटर लावून बघायचा होता.

त्यानंतर आमच्या घरात तिखटाचा नैवेद्य झाला नाही. माळ्यावरची भांडी कोणाला तरी देऊन टाकली. पडद्याचा शालू आत्याच्या पेटीत गेला. मी पुढे शिकायला पुण्याला गेले, तिथेच नोकरी लागली. आज अन्नाचे नमुने तपासते. घरी वर्षातून दोनदा जाते.

सात वर्षांनी, यंदाच्या गौरीला गेले होते. आई थकली आहे. स्वयंपाक सगळा वहिनीच करते, पण तिला करताना बघवत नाही. भाजी निवडली की हात धुते, कणीक घेतली की धुते, मीठ घातलं की धुते. तळहातांची साल निघालेली असते, बोटांच्या पेरांवर चिरा. दादा-वहिनीची मुलगी गार्गी सहा वर्षांची आहे. तिला भरवायच्या आधी वहिनी मोरीपाशी उभी राहिली तेव्हा मी नकळत घड्याळ लावलं. दोन मिनिटं दहा सेकंद. गार्गीला सवय होती. ती रिकाम्या वाटीवर चमचा वाजवत बसली होती.

त्या दुपारी आई झोपली, दादा गार्गीला घेऊन बाहेर गेला. मी वही वहिनीपुढे ठेवली. तिनं पानं उलटली. आकृती बघितली. वाटी, जाळी, ओघळ, बाणाची खूण. पाच बशांचा तक्ता बघितला. फडक्यासमोर 'काही नाही' लिहिलं होतं, त्यावर तिनं बोट ठेवलं.

"हे माझं फडकं?"

"हो."

"हे कधीचं?"

"आत्या होती तेव्हाचं."

मग मी म्हणाले, "पिशवी मी वर ठेवली होती. तू खाली ठेवू म्हणत होतीस. तुला आठवत नसेल."

"मला नाही आठवत?" ती म्हणाली. "वन्सं, मला तो थेंबसुद्धा आठवतो, कुठल्या फरशीवर पडला तो."

"मग तू बोलली का नाहीस? आई एवढं म्हणत होती, एकदा तरी सांगायचंस."

"काय सांगणार? मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, काही होत नाही." तिनं वही मिटली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही शिकलेल्या. मी म्हटलं, मग पिशवीनं नाही झालं. मग उरले काय, माझेच हात उरले."

मी माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली, मला नाही, वहीकडे बघून. मग आईला सांगेन म्हणाले, आज संध्याकाळीच सांगेन. ती "सांगा" म्हणाली.

खाली फाटक वाजलं. गार्गीचा आवाज जिन्यात आला, भूक लागली म्हणत होती. वहिनी उठली, मोरीपाशी गेली आणि नळ सोडला. आधी तळहात, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं, मग मनगटं. साबण खाली ठेवून पुन्हा उचलला. गार्गी आत आली आणि वाटी घेऊन पाटावर बसली.

दोन मिनिटं चौदा सेकंद.